दुधनेचं पाणी चढायच्या आधी



सेलूजवळ दुधना नदीवर निम्न दुधना धरणाचं काम किती तरी वर्षं चालू होतं. मंजुरी १९७९ ची. भिंत परभणी जिल्ह्यात, पण भिंतीमागचं पाणी सरकणार होतं ते आपल्या जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात. भोकरदन-जाफराबादच्या डोंगरकडेचे साथी विचारतात की परतूरच्या धरणाचं आम्हाला काय? आमच्या डोंगरावर ना कालवा येणार, ना आमचं शिवार बुडणार. या अंकात आम्ही त्याचंच उत्तर द्यायचं ठरवलं आहे. त्यासाठी आधी जायकवाडीची गोष्ट नीट सांगावी लागेल. ती आपल्या शेजारी घडली, तिचं उद्घाटन १९७६ ला झालं, आणि तिच्यात आपल्या माणसांचा हिशेब कुठेच लागलेला नाही.

जायकवाडी हे नाव मुळात पैठणचं नाही. ते बीड जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या एका गावाचं आहे. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हाचा बेत त्या गावाजवळ धरण बांधायचा होता. पुढे १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, नवी पाहणी झाली आणि जागा शंभरेक किलोमीटर वर, पैठणला सरकली. नाव मात्र जुनंच राहिलं. म्हणजे एका कागदाच्या फेऱ्यात कोणती गावं बुडायची आणि कोणती वाचायची हे बदललं. वाचलेल्यांना ते कळलंही नाही आणि बुडालेल्यांना कुणी विचारलं नाही.

१८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढची दहा वर्षं माती, दगड, गाढवं, ट्रक आणि माणसं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, तीही बहुतेक मातीची. मधे दगडी सांडवा आणि त्याला २७ दरवाजे. उंची ४१ मीटर. एवढी माती कुणी वाहिली? ज्यांच्या नावावर गुंठा नाही त्यांनी. त्याच दहा वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्यातली सगळी हातावरची माणसं दुष्काळी कामावर होती, कुणी खडी फोडत होतं तर कुणी पाझर तलावाची माती टाकत होतं. सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी अजून आपल्या वस्त्यांवर आहे, त्यांना विचारा. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. जलाशयाला नाथसागर नाव दिलं. तेव्हा आणीबाणी चालू होती. हरकत घ्यायची, मोर्चा काढायचा, पेपरात छापून आणायचं म्हटलं तरी सोय नव्हती.

आता तारखांकडे बघा. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला तो १९७६ चा. म्हणजे ज्या वर्षी जायकवाडीचं उद्घाटन, त्याच वर्षी कायदा. शंभराहून जास्त गावं पाण्यात गेली, काही पुरती, काही अर्धी. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली. त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या तेव्हा हातात होता तो इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा. तो कायदा माणसाला ओळखत नव्हता, जमिनीतल्या हक्काला ओळखायचा. ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला नोटीस, त्याला मोबदला. मोबदलाही मोंढ्यात ज्वारीचं पोतं विकल्यासारखा, एकदा रोख दिला की संपलं.

मग जो दुसऱ्याच्या शेतात सालदार होता त्याचं काय? गायरानात दोन एकर मोडून बाजरी पेरणाऱ्या भिल्लाच्या घराचं काय? नदीच्या वाळूत टरबूज-डांगर लावणाऱ्यांचं, डोहात जाळं टाकणाऱ्यांचं, लव्हाळा कापून आणि बाभळीचा डिंक काढून हाट करणाऱ्या बायांचं काय? त्यांच्यापुरता कायदा कोरा होता. गायरान तर सरकारचंच. सरकार सरकारला नोटीस देत नाही. एका खात्यानं दुसऱ्या खात्याला जागा वर्ग करायची, कलेक्टरची सही झाली की काम झालं. त्या जागेवर कोण राबतंय हे त्या कागदात लिहायला रकानाच नाही. म्हणून जायकवाडीनं किती माणसं उठवली याचा जो काही सरकारी आकडा असेल तो खातेदारांच्या बाजूनं मोजलेला आहे. ज्यांची नावंच नव्हती ती माणसं त्यातून गळली. काही औरंगाबादच्या झोपडपट्टीत गेली, काही ऊसतोडीला लागली, काही पाण्याच्या कडेकडेनं वर सरकत राहिली.

आता पाण्याचा हिशेब. नाथसागर पूर्ण भरला तर १०२ टीएमसी पाणी मावतं असं सांगतात. त्यातलं वापरता येतं ७६. उरलेलं पाव धरण मृतसाठा, म्हणजे गाळासाठी सोडलेली जागा. बुडालेलं क्षेत्र सुमारे ३५ हजार हेक्टर, म्हणजे ८५ हजार एकरांच्या वर. आता तुम्हीच भागाकार करा. एवढं पाणी एवढ्या जागेत पसरलं तर सरासरी खोली येते २७ फुटांच्या आसपास. आपल्याकडे बरी विहीरसुद्धा यापेक्षा खोल असते. पसरट परातीत पाणी ठेवून उन्हात ठेवल्यासारखं हे धरण आहे. मराठवाड्याच्या उन्हात उघड्या पाण्याची वर्षाकाठी सुमारे पुरुषभर वाफ होते. म्हणजे कुणाच्या शेतात जायच्या आधी पाण्याचा मोठा वाटा आभाळात जातो, आणि त्या वाफेसाठीसुद्धा चांगली काळी जमीन बुडवावी लागली.

शिवाय वरून पाणी येतं ते नाशिक आणि नगर जिल्ह्यांतून. तिथे दारणा आहे, गंगापूर आहे, भंडारदरा आहे, मुळा आहे. वरच्यांनी आधी अडवायचं आणि उरेल ते खाली सोडायचं. पाऊस कमी झाला की नाथसागर भरत नाही. मग औरंगाबाद शहर आणि तिथल्या कारखान्यांचं पाणी आधी, शेतीचं मागून. धरण झालं तेव्हा दुष्काळ हटवायचं बोलणं होतं. आज उन्हाळ्यात गोदावरीपासून वीस-पंचवीस मैलांवरच्या तांड्यावर टँकरची वाट बघत बाया बसतात.

डावा कालवा आपल्याच जिल्ह्यातून जातो. २०८ किलोमीटर लांबीचा, पैठणहून निघून अंबड, परतूरच्या दक्षिण अंगानं पुढे परभणीत. कालवा झाला तेव्हा जालना जिल्हा अजून झाला नव्हता. तो १ मे १९८१ चा. त्यामुळे अंबडचे लोक औरंगाबादला आणि परतूरचे परभणीला खेटे घालत होते. कागदपत्रंही तशीच दोन ठिकाणी विखुरली आहेत, हे अर्ज करताना लक्षात ठेवा. कालव्यासाठी जागतिक बँकेचं कर्ज आलं. कागदावर बेत होता ज्वारी, गहू, कापूस, भुईमूग, थोडाबहुत ऊस. झालं उलट. ज्याच्या शेताच्या मुखाशी पाणी आलं त्यानं ऊस लावला, मागे कारखाने उभे राहिले आणि शेपटाकडच्याला चारी कोरडी राहिली.

काळ्या जमिनीतून कालवा नेला की आणखी एक गोष्ट होते. ही जमीन ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. अस्तराच्या फरशा उखडतात, पाणी झिरपतं. वर पाणी धो-धो दिलं जातं, खाली निचरा नाही. मग काही वर्षांनी शेतात पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ वर येतं, जमीन चोपण होते, पाणथळ होते, तिथे बियाणं उगवत नाही. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात हे झालं आहे. खुद्द सरकारनं पाणी आणि जमीन यांच्या व्यवस्थापनाचं शिक्षण द्यायला १९८० साली औरंगाबादला ‘वाल्मी’ ही संस्था काढली. रोग दिसला होता हे त्यावरून कळतं. ज्यांना पाणी मिळालं त्यांच्यातल्याही अनेकांचं नुकसान झालं, हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. कालव्याखालचा कुणबी आपला दुश्मन नाही. त्यालाही फसवलं गेलं, फक्त त्याचं नाव कागदावर आहे म्हणून त्याला दाद मागता येते.

आणि नदी? शहागडच्या खाली उन्हाळ्यात जाऊन बघा. धरणाचे दरवाजे मिटले की पात्रात वाळू आणि डबकी. डोह आटले तशी मासळी गेली. वाळूतल्या वाड्यांना ओलावा पुरेना, काठच्या विहिरींनी तळ गाठला. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उघडतात आणि तेच पात्र एका रात्रीत अंगावर येतं. नदी आपल्या चालीनं चढायची-उतरायची तेव्हा काठच्या माणसाला तिची चाल कळायची. आता तिची चाल पैठणच्या कंट्रोल रूममध्ये ठरते.

नाथसागराचं एक कौतुक मात्र सगळे करतात, पक्ष्यांचं. उथळ पाणी, चिखल, पाणवनस्पती. थंडीत दूरदेशाहून बदकं, क्रौंच, अग्निपंख येतात. १९८६ ला सरकारनं तिथे पक्षी अभयारण्य जाहीर केलं. पाखरांशी आमचं भांडण नाही, रानात वाढलेल्या माणसाचं कधी नसतं. पण मजा बघा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ती एकसाली पट्ट्यानं कसायला द्यायची आणि पहिला मान प्रकल्पग्रस्ताचा, अशी रीत. ज्याची जमीन खाली बुडाली तो वर्षातून चार महिने त्याच मातीत भाडेकरू म्हणून उतरतो. त्यात आता अभयारण्याचा शिक्का. माणूस एकदा पाण्यासाठी उठला, आता पाखरासाठी ऊठ म्हणतील. डोंगरकडेच्या साथींना ही भाषा ओळखीची वाटेल. वनखात्याचा गार्ड कुऱ्हाड हिसकावताना हेच बोलतो.

इथे डोंगराचा आणि धरणाचा संबंध येतो, तो नीट समजून घ्या. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानं वनजमीन प्रकल्पाला द्यायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि बदल्यात दुसरीकडे तेवढ्या बिनवन जमिनीवर झाडं लावायची अट पडते. ही बिनवन जमीन कुठून आणणार? बागायतदाराच्या मोसंबीच्या बागेतून नव्हे. गायरानातून, गावठाणाबाहेरच्या माळावरून, पडीक म्हणून दाखवलेल्या जमिनीतून. आपल्या जिल्ह्यात जंगल मुळातच नावापुरतं, अजिंठ्याच्या डोंगरकडेला चार टेकड्या. मग नजर गायरानावर जाते. धरणानं उठलेल्या गावाला नवं गावठाण द्यायचं, तेही बहुतेक गायरानातच. म्हणजे धरण एका तालुक्यात, चर आणि तारेचं कुंपण दुसऱ्या तालुक्यात. परतूरचा खातेदार उठला तर त्याला बसवायला भोकरदनच्या भिल्लाला उठवलं जाऊ शकतं, आणि दोघं एकमेकांच्या तोंडावर उभे राहतील. आम्हाला ती लढाई नको आहे.

तेव्हाच्या धुळे जिल्ह्याकडे बघा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, जवळजवळ सगळी आदिवासी. नर्मदा लवादानं १९७९ ला जमिनीच्या बदल्यात जमीन असा निवाडा दिला. जायकवाडीपेक्षा तो कितीतरी पुढचा. पण जमीन कुणाला? खातेदाराला. पिढ्यान् पिढ्या जंगलातली शेती करणारा तिथेही अतिक्रमणदार ठरला. फरक एवढाच की तिथले लोक उठले नाहीत. मणिबेलीपासून गावोगाव लोक घरात बसून राहिले, पाणी चढलं तरी बसून राहिले. १९९३ मध्ये जागतिक बँकेला त्या धरणातून पाय काढावा लागला आणि १९९५ पासून काही वर्षं सुप्रीम कोर्टानं भिंत वाढवायला रोखून धरलं होतं. त्याआधी १९२१ ला मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. ते धरण झालंच. पण मागाहून राज्यात धरणग्रस्तांची जी चळवळ उभी राहिली, ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ म्हणाली, तिनंच १९७६ चा आणि नंतर १९८६ चा कायदा सरकारच्या हातून काढून घेतला.

१९८६ च्या कायद्यात शेतमजुरालाही प्रकल्पग्रस्त मानलं होतं. ही छोटी गोष्ट नव्हती. निम्न दुधनेला जायकवाडीसारखं कोऱ्या पाटीवर काम करता येणार नव्हतं. गायरानाच्या बाबतीत २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे: १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची शेतीची अतिक्रमणं नियमित करायची.  किती जणांच्या हातात पट्टा पडला ते आपल्या गावात मोजून बघा. तलाठी म्हणतो पुरावा आणा. पुरावा कुणाच्या दप्तरात आहे? त्याच्याच.

काही शहाणे लोक म्हणतील, मोठी धरणं सोडा, पाणलोट करा. जालना तालुक्यात कडवंचीला तसं काम झालं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं. रस्ता चांगला आहे, आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. पण पाणलोटातही चराईबंदी, कुऱ्हाडबंदी येते. ज्याच्याकडे शेत आहे त्याच्या विहिरीला पाणी वाढतं. ज्याच्याकडे फक्त चार शेळ्या आहेत त्यानं त्या विकायच्या का, हे आधी ठरलं पाहिजे.

तर काय करायचं. परतूर तालुक्यातल्या बुडिताच्या आणि बुडिताच्या कडेच्या गावांनी आधी. पण डोंगरकडेच्या गावांनीही, कारण चर खणायला माणसं आली की मग वेळ नसतो.

गायरान किंवा वनजमीन कसणाऱ्या प्रत्येक घराची यादी करा. नवरा आणि बायको दोघांची नावं, कसलेली जमीन अंदाजे किती, कोणत्या गटात, चतुःसीमा काय, किती सालापासून, काय पेरता. एकट्या बाईचं घर असेल तर तिचं नाव कारभारी म्हणून लिहा, दिराचं नको. नदीवर जगणाऱ्यांची वेगळी यादी: मासेमारी, वाळूतली वाडी, गवत, डिंक, सरपण.

तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई असतो. अतिक्रमणाची नोंद त्यात होते. त्याची नक्कल लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाव नसेल तर पीक उभं असताना पंचनाम्याची मागणी करा. दंडाच्या पावत्या फाडून टाकू नका. आपल्याला दंड झाला याची लाज वाटते, पण ती पावती म्हणजे त्या सालात तुम्ही त्या जमिनीवर होता याची सरकारची सही आहे. फॉरेस्टच्या केसचा कागद, कोर्टातला समन्स, जप्त केलेल्या औताची पावती, सगळं पेटीत ठेवा. एका माणसाच्या घरात मूळ कागद गोळा करू नका. झेरॉक्स द्या, मूळ आपल्याकडे.

ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना, २०१३ पर्यंत लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात, कलम ४ ची नोटीस यायची. तिथून ३० दिवसांत हरकत घेता यायची. कुणी सांगेल की तातडीचं कलम लावलंय, हरकत चालत नाही. तरी लेखी द्या. निवाडा झाल्यावर पैसे घ्यावे लागले तर ‘हरकत राखून घेतले’ असं लिहूनच अंगठा करा, नाहीतर वाढीव मोबदल्याचा रस्ता बंद होतो. त्या कायद्यात कलम १८ च्या अर्जाची मुदत निवाडा समोर झाला तर सहाच आठवडे होती. वकिलाची वाट बघत बसू नका, साधा अर्ज आपण लिहू.

खातेदार आणि बिनखातेदार यांनी वेगवेगळ्या मिटिंगा घेऊ नयेत. पुनर्वसन अधिकारी दोघांना वेगळं बोलावेल, एकाला चहा पाजील. मोजणीला माणसं आली की आधी विचारायचं: आमच्या गायरानातल्या घरांची मोजणी कधी? ती होत नाही तोवर खातेदारानंही खुंटी धरू देऊ नये. हे अवघड आहे हे आम्हाला माहीत आहे. ज्याच्या घरात लग्न उभं आहे त्याला मोबदला लवकर हवा असतो.

याद्या पोळ्याच्या आत आमच्याकडे पोचवा. हा अंक वाचून झाला की पुढच्या वस्तीवर द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना संध्याकाळी बसून वाचून दाखवा, आणि वाचताना कुणाला नदीकाठचं जुनं काही आठवलं, कुठला डोह, कुठली पायवाट, कुठल्या झाडाखाली कुणाचा देव, तर तेही यादीच्या मागच्या बाजूला लिहून पाठवा.